वार्धक्यातील शरीरसामर्थ्य आणि वाहनचालन : एक अभ्यास

प्रास्ताविक

मानवी आयुर्मानात झालेली वाढ ही गेल्या शतकातील वैद्यकशास्त्राची आणि सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेची मोठी कमाई होय. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षे व त्यापुढील वयाच्या व्यक्तींची संख्या सुमारे १० कोटी ३८ लाख, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. त्यानंतर ती वाढतच गेली आहे. ज्येष्ठांची आजची पिढी पूर्वीच्या वृद्धांहून एका बाबतीत निराळी आहे. तिच्यातील अनेकांनी नोकरीच्या काळात स्कूटर अथवा मोटारसायकल घेतली, काहींनी पुढे मोटारही घेतली. निवृत्तीनंतर बँकेत जाणे, दवाखाना गाठणे, नातवंडांना शाळेत सोडणे, शेताकडे एक फेरी मारून येणे ही सर्व कामे त्यांच्या हातातील वाहनावरच अवलंबून असतात.

अशा घरांत कधी ना कधी एक प्रश्न उभा राहतो : आता वाहन चालवावे की नाही? मुले म्हणतात, ‘तुमचे वय झाले, आता गाडी ठेवून द्या.’ वडीलधारी माणसे म्हणतात, ‘चाळीस वर्षे गाडी चालवतो आहे, कधी साधे खरचटलेसुद्धा नाही.’ वरवर पाहता ही दोन उत्तरे परस्परविरोधी वाटतात. परंतु दोन्हींचा आधार एकच आहे, आणि तो म्हणजे वर्षांची मोजदाद. एक बाजू वयाची वर्षे मोजते, दुसरी अनुभवाची. आज या व्यक्तीचे डोळे, मान, हात, पाय आणि अवधान वाहन चालविण्यास कितपत समर्थ आहेत, हा मूळ प्रश्न दोघांच्याही नजरेतून सुटतो. प्रस्तुत लेखात या मूळ प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. वाहन चालविण्याची योग्यता वयाच्या आकड्यावर नव्हे, तर शरीराच्या कार्यक्षमतेवर ठरते. ही कार्यक्षमता तपासता येते, काही अंशी टिकविता येते. आणि जेथे ती टिकत नाही, तेथे वेळीच थांबणे हा आपल्या कर्तव्याचाच भाग ठरतो. हेच येथे मांडावयाचे आहे.

वाहन चालविताना शरीर कोणती कामे करते?

सवयीमुळे वाहन चालविणे सोपे वाटते. वस्तुतः त्यात चार क्रिया अखंड चालू असतात : पाहणे, ओळखणे, निर्णय घेणे आणि कृती करणे. रस्त्याच्या कडेने एखादे मूल धावत आले, तर प्रथम डोळ्यांना ते दिसावे लागते. मग ‘हे मूल रस्त्यावर येणार आहे’ हे मेंदूला उमगावे लागते. त्यानंतर थांबावे की बाजूने जावे हे ठरवावे लागते. शेवटी पाय ब्रेकवर जाऊन पुरेशा जोराने दाबला जावा लागतो. या साखळीतील एकही कडी सैल झाली, तर बाकीच्या तीन कड्या कितीही मजबूत असल्या तरी उपयोग होत नाही.

आपण शरीरसामर्थ्य म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर बहुधा ओझे उचलणारा माणूस येतो. वाहनचालकाला लागणारे सामर्थ्य निराळ्या प्रकारचे आहे. त्याला मान दोन्ही बाजूंना सहज वळविता आली पाहिजे. घोटा चपळपणे हलला पाहिजे. हाताची पकड घट्ट आणि खांदे मोकळे असले पाहिजेत. कंबर व पाठ यांना वळण घेता आले पाहिजे. थोडक्यात, येथे बळापेक्षा लवचीकता, समन्वय आणि हालचालीचा वेग यांना अधिक मोल आहे.

वयोमानाने होणारे बदल

सर्वांत आधी दृष्टीचा विचार करू. वय वाढते तशी डोळ्याची बाहुली लहान होत जाते आणि नेत्रभिंग पिवळसर व धूसर होते. परिणामी साठीच्या व्यक्तीच्या दृष्टिपटलावर विशीतील व्यक्तीच्या तुलनेत सुमारे एकतृतीयांशच प्रकाश पोहोचतो. दिवसा हा फरक फारसा जाणवत नाही. संध्याकाळी मात्र तो प्रकर्षाने जाणवतो. समोरून येणाऱ्या वाहनाच्या प्रखर दिव्याने डोळे दिपल्यावर पुन्हा नीट दिसू लागण्यासही वृद्ध डोळ्यांना अधिक वेळ लागतो. मोतीबिंदू झाला असल्यास ही अडचण आणखी वाढते. अमेरिकेतील अलाबामा राज्यात झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करून घेतलेल्या ज्येष्ठ चालकांच्या अपघातांचे प्रमाण शस्त्रक्रिया न केलेल्यांच्या सुमारे निम्मे आढळले. दृष्टिदोष दूर केल्याने रस्त्यावरील सुरक्षितता कशी वाढते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

दुसरा बदल स्नायू व सांधे यांचा. तिशीनंतर स्नायूंचे वस्तुमान हळूहळू घटू लागते आणि साठीनंतर ही घट वेग घेते. मानेच्या मणक्यांत ताठरपणा येतो. ज्याला मान पुरेशी वळविता येत नाही, तो केवळ आरशावर विसंबून राहतो. आरशात न दिसणाऱ्या कोपऱ्यातून येणारी दुचाकी मग त्याच्या लक्षात येत नाही. गुडघेदुखीमुळे पाय एका पेडलवरून दुसऱ्यावर नेण्यास विलंब होतो. मधुमेहाने पावलांची संवेदना कमी झाली असेल, तर पाय नेमका कोणत्या पेडलवर आहे हेही अचूक कळत नाही.

तिसरा बदल अवधानाचा. एकाच वेळी अनेक गोष्टींकडे लक्ष देण्याची आणि त्यांतील महत्त्वाची गोष्ट चटकन निवडण्याची क्षमता वयानुसार मंदावते. म्हणूनच ज्येष्ठ चालकांच्या अपघातांचे स्वरूप तरुणांच्या अपघातांहून वेगळे असते. तरुणांच्या अपघातांमागे बहुधा अतिवेग, मद्य आणि बेफिकिरी असते. ज्येष्ठांचे अपघात तुलनेने चौकात, वळण घेताना, समोरून येणाऱ्या वाहनाच्या वेगाचा अंदाज चुकल्याने घडतात. अनेक ज्येष्ठ चालक रात्री, पावसात वा गर्दीत वाहन चालविणे स्वतःहून टाळतात आणि वेगही कमी ठेवतात, हेही येथे नमूद केले पाहिजे. तथापि वयोमानाने हाडे ठिसूळ झालेली असल्याने, ज्या धडकेतून तरुण किरकोळ जखमांवर बचावतो, तीच धडक वृद्धाच्या जिवावर बेतू शकते.

वेळ आणि अंतर यांचे गणित

प्रतिक्रियेस होणारा विलंब अर्ध्या सेकंदाचा असेल, तर त्याने काय मोठे बिघडते, असे कोणासही वाटेल. त्यासाठी एक साधे गणित करून पाहू. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे ११ मीटर अंतर कापते. ताशी ६० किलोमीटर वेगाने सुमारे १७ मीटर. म्हणजे ब्रेकवर पाय पडण्यास केवळ अर्धा सेकंद उशीर झाला, तर पहिल्या वाहनाने साडेपाच मीटर आणि दुसऱ्याने सव्वाआठ मीटर अधिक अंतर कापलेले असते. सव्वाआठ मीटर म्हणजे दोन लहान मोटारी एकामागे एक उभ्या केल्यास होणारी लांबी. रस्ता ओलांडणारे मूल तेवढ्याच अंतरात असेल, तर तो अर्धा सेकंद जीवन आणि मृत्यू यांतील अंतर ठरतो.

ब्रेक दाबल्यानंतर वाहन थांबेपर्यंतचे अंतर तर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की हे अंतर चौपट होते. म्हणून वेग कमी ठेवणे हा ज्येष्ठांचा स्वाभाविक बचाव योग्यच आहे. मात्र त्यालाही मर्यादा आहे. महामार्गावर सभोवतालच्या वाहनांहून फारच हळू जाणारे वाहन स्वतःच अडथळा बनते. केवळ वेग कमी करून सर्व उणिवा भरून निघत नाहीत.

एक उद्बोधक प्रयोग

शरीराची क्षमता व्यायामाने वाढली, तर वाहन चालविण्यातही सुधारणा होते काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी अमेरिकेतील येल विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात सत्तर वर्षे व त्याहून अधिक वयाचे १७८ चालक सहभागी झाले होते. त्यांच्यात काही शारीरिक मर्यादा होत्या. परंतु दृष्टी आणि स्मरणशक्ती यांत मोठा दोष नव्हता. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे, कोणतीही निवड न करता, त्यांचे दोन गट पाडण्यात आले. पहिल्या गटातील प्रत्येकाच्या घरी बारा आठवडे, आठवड्यातून एकदा भौतिकोपचारतज्ज्ञ जात असे आणि लवचीकता, समन्वय व हालचालींचा वेग वाढविणारे व्यायाम टप्प्याटप्प्याने शिकवीत असे. दुसऱ्या गटाला घरातील सुरक्षितता, पडण्यापासून बचाव आणि वाहनाची निगा यांविषयी केवळ माहिती देण्यात आली.

प्रयोगापूर्वी आणि तीन महिन्यांनंतर सर्वांची प्रत्यक्ष रस्त्यावर परीक्षा घेण्यात आली. त्यासाठी परीक्षकाजवळही ब्रेक असलेली मोटार वापरली होती, आणि मार्गात वस्ती, शहर व महामार्ग असे तिन्ही प्रकारचे रस्ते होते. ७२ गुणांच्या या परीक्षेत व्यायाम करणाऱ्या गटाची कामगिरी दुसऱ्या गटाच्या तुलनेत सुमारे अडीच गुणांनी सरस ठरली. गंभीर चुकांचे प्रमाणही त्यांच्यात एकतृतीयांशाहून अधिक कमी आढळले. मात्र ही दुसरी तफावत संख्याशास्त्राच्या कठोर कसोटीवर पूर्णपणे सिद्ध झाली असे म्हणता येत नाही.

अडीच गुणांचा फरक लहान वाटेल. परंतु त्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. व्यायामाने वृद्धाचा तरुण होत नाही. वयोमानाने होणारी घसरण थोपवून धरण्याचे काम मात्र तो करतो, आणि तेही अवघ्या तीन महिन्यांत, सत्तरी ओलांडल्यानंतर, घरच्या घरी. ‘या वयात आता काय व्हायचे?’ ही समजूत या प्रयोगाने खोटी ठरविली आहे.

दुचाकीचा विशेष विचार

वरील प्रयोग मोटार चालविणाऱ्यांवर झाला. आपल्याकडील बहुसंख्य ज्येष्ठांचे वाहन दुचाकी आहे, म्हणून तिचा स्वतंत्र विचार आवश्यक ठरतो. केंद्र शासनाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशातील रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरील होत्या.

मोटार चालकाला तोल सांभाळावा लागत नाही. दुचाकीस्वाराला तो क्षणोक्षणी सांभाळावा लागतो. दुचाकीची खरी कसोटी वेगात नसते. गर्दीत अगदी हळू चालताना, खड्डा चुकविताना, चढावर थांबताना ती लागते. शंभर किलोहून अधिक वजनाचे वाहन एका बाजूला कलले, तर पाय जमिनीवर टेकवून ते सावरण्यास मांड्या आणि घोटे यांत बळ लागते. पाठीमागे नातवंड बसलेले असेल, तर हे ओझे आणखी वाढते. हेल्मेट तर अनिवार्यच आहे. पण ते घातल्यावर मान वळविण्यासाठी थोडे अधिक श्रम पडतात, हेही ध्यानात घ्यावे. म्हणून दुचाकीस्वार ज्येष्ठांनी पायांचे बळ आणि शरीराचा तोल यांकडे मोटार चालकांहून अधिक लक्ष दिले पाहिजे.

कायद्याची भूमिका

मोटार वाहन अधिनियम, १९८८ ने खासगी वाहन चालविण्यास कमाल वयाची अट घातलेली नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर वयाची ५५ वर्षे पूर्ण केलेल्या व्यक्तीचा परवाना एका वेळी पाच वर्षांसाठी दिला जातो व नंतर त्याचे नूतनीकरण करावे लागते. चाळीस वर्षांपुढील अर्जदाराला नोंदणीकृत डॉक्टरांकडून फॉर्म १-ए या नमुन्यातील वैद्यकीय दाखला आणावा लागतो. दिवसाच्या चांगल्या उजेडात, आवश्यक असल्यास चष्मा लावून, २५ मीटर अंतरावरील मोटारीची क्रमांकपट्टी वाचता येते काय, ही त्यातील एक महत्त्वाची कसोटी आहे.

म्हणजे कायदाही वयाने नव्हे, तर क्षमतेनेच योग्यता ठरवितो. परंतु पाच वर्षांचा काळ मोठा आहे. सत्तराव्या वर्षी सक्षम असलेली व्यक्ती पंचाहत्तरीपर्यंत तशीच राहील, याची हमी कोणताही दाखला देऊ शकत नाही. आणि हा दाखला केवळ एक कागद म्हणून मिळविला, तर त्यामागील हेतूच नष्ट होतो. तपासणीने शासनाचे समाधान होण्यापेक्षा आपले स्वतःचे समाधान होणे अधिक महत्त्वाचे आहे.

स्वतःची पारख

पुढील चाचण्या घरच्या घरी करता येतात. दर सहा महिन्यांनी त्या कराव्यात आणि त्या वेळी घरातील एखादी व्यक्ती सोबत असावी.

१. दृष्टी : उभ्या असलेल्या वाहनापासून २५ मीटर अंतर मोजून घ्यावे आणि त्याची क्रमांकपट्टी वाचून पाहावी.

२. मान : खुर्चीवर ताठ बसून, मान व खांदे वळवून, मागे उभ्या असलेल्या व्यक्तीने किती बोटे वर केली आहेत हे सांगावे. दोन्ही बाजूंनी हे जमले पाहिजे.

३. चाल : जमिनीवर दहा फूट अंतर आखावे. त्या टोकापर्यंत जाऊन, वळून, मूळ जागी शक्य तितक्या झपझप परत यावे. यास नऊ सेकंदांहून अधिक वेळ लागल्यास पायांची चपळता कमी झाली आहे असे समजून वैद्यकीय सल्ला घ्यावा.

४. पायांचे बळ : दोन्ही हात छातीवर घडी करून, खुर्चीतून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता येते ते मोजावे. सत्तर ते चौऱ्याहत्तर या वयोगटात पुरुषांना किमान १२ वेळा आणि स्त्रियांना किमान १० वेळा जमावे, अशी अपेक्षा असते.

याखेरीज औषधांची चौकशी अवश्य करावी. सर्दीवरील काही गोळ्या, झोपेची औषधे आणि वेदनाशामके यांनी गुंगी येते. मधुमेहाच्या काही औषधांनी रक्तातील साखर एकाएकी उतरू शकते. ‘हे औषध घेतल्यावर गाडी चालविली तर चालेल काय?’ हा प्रश्न प्रत्येक नव्या औषधाच्या वेळी डॉक्टरांना विचारला पाहिजे.

सामर्थ्य कसे टिकवावे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ६५ वर्षांपुढील व्यक्तींनी आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा, दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम करावेत आणि तीन दिवस तोल सांभाळण्याच्या व्यायामांवर भर द्यावा. झपझप चालणे हा पहिल्या प्रकारचा सर्वांत सोपा मार्ग होय. खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठणे-बसणे, भिंतीला हात लावून टाचा उचलणे आणि रबरी चेंडू मुठीत दाबणे हे बळाचे व्यायाम आहेत. एका पावलापुढे दुसरे पाऊल अगदी जवळ ठेवून सरळ रेषेत चालणे, जवळ आधार ठेवून एका पायावर उभे राहणे यांनी तोल सुधारतो. मान सावकाश उजवी-डावीकडे वळविणे, खांदे फिरविणे, बसल्या जागी कंबर वळविणे आणि घोटे गोलाकार फिरविणे यांनी लवचीकता टिकते. हृदयविकार, मानेच्या मणक्यांचा आजार किंवा चक्कर येण्याची तक्रार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच आरंभ करावा. या व्यायामांना खर्च नाही, साधनेही लागत नाहीत; सातत्य मात्र लागते.

थांबण्याची वेळ

सर्व प्रयत्न करूनही एक वेळ अशी येते की वाहन ठेवून द्यावे लागते. ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणे, वाहनाला वारंवार ओरखडे पडणे, इतरांचे हॉर्न सतत ऐकू येणे, ब्रेक आणि ऍक्सिलरेटर यांत गोंधळ होणे, सोबत बसणाऱ्यांना भीती वाटणे ही त्याची लक्षणे होत. ती दिसू लागल्यावर केवळ स्वतःच्या नव्हे, तर रस्त्यावरील अनोळखी माणसांच्या प्राणांचाही विचार करावा लागतो.

या संदर्भात जपानचे उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे. तेथे ७५ वर्षे व त्यापुढील चालकांना परवाना नूतनीकरणाच्या वेळी स्मरणशक्ती व आकलन यांची चाचणी द्यावी लागते. १९९८ पासून परवाना स्वेच्छेने परत करण्याची सोयही तेथे आहे. एप्रिल २०१९ मध्ये टोकियो शहरात ८७ वर्षांच्या चालकाच्या मोटारीखाली एक माता आणि तिची चिमुकली कन्या मृत्युमुखी पडल्या. त्या घटनेने सारा देश हळहळला आणि त्या एकाच वर्षात सुमारे ६ लाख लोकांनी आपले परवाने परत केले. परवाना परत करणाऱ्यास आजवरच्या वाहनचालनाची नोंद असलेले प्रमाणपत्र मिळू शकते. ते ओळखपत्र म्हणून चालते आणि अनेक ठिकाणी ते दाखविल्यास बस व टॅक्सीच्या भाड्यात सवलत मिळते. थांबणाऱ्याचा मान राखण्याची ही रीत आहे.

कारण वाहन सुटणे म्हणजे केवळ एक यंत्र सुटणे नव्हे. वाहन चालविणे बंद केलेल्या ज्येष्ठांत नैराश्याच्या लक्षणांचा धोका जवळजवळ दुप्पट होतो, असे या विषयावरील अनेक संशोधनांच्या एकत्रित परीक्षणात आढळले आहे. माणसे भेटेनाशी होतात, प्रत्येक लहान कामासाठी दुसऱ्याची वाट पाहावी लागते. म्हणून गाडीची चावी काढून घेणाऱ्या मुलांनी त्याच दिवशी आणखी एका प्रश्नाचे उत्तर दिले पाहिजे : ‘आता बाबा बाहेर कसे जातील?’ आपल्या राज्यात एसटी महामंडळाच्या बसमधून ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांपुढील ज्येष्ठांना विनामूल्य प्रवास करता येतो. ६५ ते ७५ या वयोगटास निम्मे भाडे पडते. ही सोय मोलाची आहे. परंतु घरापासून बसथांब्यापर्यंतचे अंतर कोणीतरी सोबतीने पार पाडून दिले, तरच ती खऱ्या अर्थाने हाती लागते.

समारोप

वृद्धत्व हा दोष नव्हे आणि अनुभव हे कवच नव्हे. वाहन चालविण्याचा अधिकार आज शरीरात जेवढी क्षमता आहे तेवढ्यापुरताच असतो, आणि हा नियम विशीतील तरुणालाही तितकाच लागू आहे. ज्याला आणखी दहा वर्षे वाहन चालवावयाचे आहे, त्याने आजपासून चालावे, डोळे तपासावेत, मान आणि पाय मोकळे ठेवावेत. विद्यार्थ्यांनी सुट्टीत घरी गेल्यावर २५ मीटर अंतर मोजून, आदरपूर्वक, आपल्या आजोबांना वा आजीला क्रमांकपट्टी वाचावयास सांगावी. ती त्यांनी वाचली तर आनंदच आहे. न वाचली, तर दुसऱ्या दिवशी त्यांना नेत्रतज्ज्ञाकडे घेऊन जावे. कदाचित केवळ चष्म्याचा क्रमांक बदललेला असेल, कदाचित मोतीबिंदू असेल. वेळीच लक्षात आले, तर पुष्कळ उणिवांवर उपाय आहे.